शेवटच्या खुंटीवरचा हात

माझी नात कॉलेजात कॉम्प्युटर शिकतेय, आणि तेव्हापासून ती माझ्याशी जरा सावकाश, मोठ्या आवाजात बोलते. ऐकू मला व्यवस्थित येतं. गेल्या दिवाळीत माळा आवरताना तिला एक पिशवी सापडली. तिच्यात मी कधीकाळी एका वेबसाइटसाठी पीएचपी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचे छापून ठेवलेले कागद होते. ती पलंगावर मांडी घालून वाचत बसली आणि पाच मिनिटांनी म्हणाली, "आजी, तू प्रत्येक ओळीत हे '&' चिन्ह, अँपरसँड, का घातलायस? मीठ आहे का ते?"

मी म्हटलं, ते त्या बाईला विचार. ती बाई म्हणजे मीच, अठ्ठेचाळीस वर्षांची. ती हल्ली भेटत नाही आणि मला त्याचं फारसं दुःख नाही. फार दमवलं तिनं मला.

तिची थोडी ओळख करून देते. तिनं मुंबईत एका कचेरीत बावीस वर्षं टायपिंग केलं होतं. मग कचेरीनं जुन्या माणसांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगितलं आणि ती स्वेच्छेनं निवृत्त झाली; तिचं टेबल आदल्या आठवड्यातच उचलून नेलं होतं. तोवर आम्ही मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीत राहायला आलो होतो. तिसरा मजला. लिफ्ट होती, पण तिच्या भरवशावर कोणी पिशव्या भरून आणत नसे. घरात मी, हे आणि सासूबाई. मुलगा-सून पुण्याला. हे सकाळी निघायचे ते दिवेलागणीनंतर परत यायचे आणि चपला काढता काढता विचारायचे, दिवसभर काय केलंस. मला सांगता यायचं नाही. सकाळी पाणी भरलं, दुपारी पाणी संपलं, मधल्या वेळात सासूबाईंनी सतरा वेळा हाक मारली. याला काय नाव द्यायचं?

म्हणून मी क्लास लावला. आमच्याच रस्त्यावर एका गाळ्यात वेब प्रोग्रामिंग शिकवायचे. शिकवणारा माझ्या मुलापेक्षा लहान. तो मला काकू म्हणायचा आणि मी त्याला सर. बाकीची सगळी कॉलेजची मुलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कोणाची तरी फी विचारायला आलेय. सहा महिन्यांनी मला बऱ्यापैकी यायला लागलं, आणि अंगात वारं शिरावं तशी मी वागायला लागले. भाजीवाल्यालासुद्धा मी सांगून ठेवलं होतं की मी प्रोग्रामर आहे. तो म्हणाला, "अच्छा है आंटी," आणि नेहमीचीच मेथी दिली.

सरांनीच मला पहिलं काम मिळवून दिलं. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला, एका बाईंचं ब्यूरो होतं. घरोघरी म्हातारी, आजारी माणसं सांभाळायला बायका पाठवायचं. त्या बायकांना सगळे मावशी म्हणत आणि ब्यूरोच्या मालकिणीला मॅडम. मॅडम एका कानाला फोन लावून गुजरातीत, दुसऱ्या कानाला लावून हिंदीत बोलायच्या आणि समोर बसलेल्या मावशीला मराठीत झापायच्या, तिन्ही एकाच वेळी. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. कोण मावशी मोकळी, कोण कुणाकडे कामाला, सगळं त्या वहीत. आजाऱ्याच्या घरचे लोक आले की त्या वही उघडून नावं वाचून दाखवायच्या.

मी ती वही बंद करायला लावली. आता हे जग बदललंय, सगळं वेबसाइटवर येणार, लोक घरी बसून मावशी निवडतील, वगैरे. मॅडम म्हणाल्या, "तुमचं ते बिघडलं तर?" मी हसले. कसं हसले असेन, ते आठवलं की आता माझेच कान गरम होतात.

प्रोग्राम मी मन लावून लिहिला. प्रत्येक मावशी म्हणजे एक ऑब्जेक्ट: तिचं नाव, वय, फोटो, अनुभव किती वर्षांचा, आणि ती मोकळी आहे की कामावर. सगळ्या ऑब्जेक्टांची एक यादी. मॅडमनी एखादीला कामावर पाठवलं की प्रोग्राम तिला यादीतून शोधून काढायचा, 'कामावर' असं लिहायचा आणि मग सगळी यादी जपून ठेवायचा. इतकं सोपं.

पहिल्याच आठवड्यात एकच मावशी दोन घरी जायची वेळ आली. मॅडमनी तिला सकाळी एका घरी पाठवलं आणि दुपारी बघतात तर वेबसाइट म्हणतेय ती मोकळी आहे. दुसऱ्या घरचे वाट बघत बसले. मॅडमनी नुसती बंद केलेली वही टेबलावर आणून ठेवली, मला दिसेल अशी.

सरांनी मला समजावलं. तेव्हा पीएचपीची चौथी आवृत्ती होती, आणि तिची खोड अशी की एका नावातला ऑब्जेक्ट साध्या बरोबरच्या चिन्हानं दुसऱ्या नावाला दिला, की ती खरा ऑब्जेक्ट द्यायची नाही, त्याची झेरॉक्स काढून द्यायची. मी यादीतून मावशी काढली असं मला वाटत होतं. मी काढली होती तिची झेरॉक्स. 'कामावर' हा शिक्का मी झेरॉक्सवर मारला, ती झेरॉक्स फेकून दिली गेली, आणि फाइलमधला मूळ कागद कोराच राहिला. यावर उपाय म्हणजे बरोबरच्या चिन्हाला लागून अँपरसँड टाकायचा. त्याला म्हणायचं रेफरन्स. मग झेरॉक्स निघत नाही. दोन्ही नावं एकाच कागदाची होतात.

मी त्या दुपारी अँपरसँड टाकला आणि प्रोग्राम सुधारला. तिथेच थांबायचं होतं. पण मला ते चिन्ह इतकं आवडलं, की मी दिसेल तिथे टाकत सुटले. लागतं तिथे, लागत नाही तिथे, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून. नवी सून स्वयंपाकघरात शिरते आणि सगळ्यांत जिरं घालते, तसं. मला वाटायचं, आता माझ्या प्रोग्राममधून कोणी निसटणार नाही.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग आमची वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्यांनी पाचवी आवृत्ती चढवली. सरांनी आपणहून फोन केला. म्हणाले, काकू, आता ऑब्जेक्टची झेरॉक्स निघत नाही. साध्या बरोबरच्या चिन्हानं दिलं तरी त्याच घराची दुसरी किल्ली मिळते. तुमचे ते अँपरसँड काढून टाका, कामाचे राहिले नाहीत, उलट कुठेतरी नडतील.

मी बरं म्हटलं आणि काढले नाहीत. काढले नाहीतच, वर आणखी एक घातला. पाचव्या आवृत्तीत यादीवरून फिरणाऱ्या लूपमध्येही, म्हणजे फेरीतही, अँपरसँड चालायला लागला होता, आणि मिळतंय ते सोडायचं कशाला? यादीवरून मी दोनदा फिरत असे. पहिल्या फेरीत प्रत्येक मावशी आज मोकळी आहे का ते तपासायचं, दुसऱ्या फेरीत ती पानावर छापायची. पहिल्या फेरीत मी अँपरसँड टाकला. दोन्ही फेऱ्यांत समोर येणाऱ्या मावशीला मी एकच नाव दिलं होतं, 'बाई'. टायपिंगची सवय, कमी अक्षरांत काम.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक नवी बाई ब्यूरोत यायला लागली.

मी दर सोमवारी ब्यूरोत जाऊन माहितीची कॉपी काढून आणायचे. दाराजवळच्या बाकावर ती बसलेली असायची, पस्तिशीची, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला स्वच्छ ॲप्रन. काम लागलं तर लगेच जाता यावं म्हणून. रायगडकडची होती, माणगावच्या आतल्या बाजूची. नवरा गेला होता. सातवीतल्या मुलीला घेऊन ती भाईंदरला भावाच्या खोलीत राहत होती. भावानं सांगितलं होतं, शाळा उघडेपर्यंत तुझं बघ. तोवर काम लागलं तर ती स्वतःची खोली घेऊन मुलीला इथल्याच शाळेत ठेवू शकणार होती. नाही लागलं, तर दीर येऊन दोघींना गावी घेऊन जाणार होता. दिराच्या घराबद्दल ती फक्त एवढंच म्हणाली, "तिथं पोरगी शाळंत नाय जायची, ताई. शेणात जायची."

मॅडम तिला दर वेळी सांगायच्या, नाव आहे तुझं, फोन येईल. आणि तिच्या नंबरानं तिचं पान उघडून दाखवायच्या. पानावर ती असायची, फोटोसकट. अनुभवाच्या रकान्यात शून्य. मावश्यांची यादी अनुभवाप्रमाणे लागायची, जास्तीवाली वर. हिचं शून्य, म्हणजे ही सगळ्यांत खाली. तेव्हा लोक तिला निवडत नाहीत यात कोणालाच नवल वाटलं नाही. मॅडमना नाही, मला नाही, तिला तर नाहीच.

त्याच सुमारास मॅडमनी मला सांगितलं की यादीच्या तळाशी एकच मावशी दोनदा दिसतेय, जुळ्या बहिणी असल्यासारखी. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दोनदा भरलं असेल. त्या म्हणाल्या, एकदाच भरलंय. मी म्हटलं, मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. माणूस दमला की दोनदा बटण दाबतो. त्या खरंच दमलेल्या असायच्या, म्हणून गप्प बसल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. नातीला मी हे सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. मोडलं काही नाही, पण त्यांनी उठणं सोडलं. आता त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि त्यांचं बोलणं ऐकायचं. बोलणं मात्र कुठे पडलं नव्हतं. "तुझी आई अशीच तूर शिजवायची का," अशा चौकशा त्या पडल्या पडल्या करत. पंधरा दिवसांत माझी कंबर गेली. एका दुपारी त्यांना झोप लागल्यावर मी कॉम्प्युटर लावला. म्हटलं, जगाला मावश्या पुरवतेय, एक मला नको का? आणि मला कोण हवी हे ठरलेलं होतं. बाकावरची. दुपारचे चार तास मिळाली तरी बस, तेवढ्यात मी पाठ टेकली असती.

मी यादी उघडून थेट तळाला गेले. ती नव्हती. तळाला त्या जुळ्या बहिणी होत्या.

मी पुन्हा वर गेले, एकेक फोटो बघत खाली आले. नाही. तिच्या नंबरानं तिचं पान उघडलं. आहे. यादीत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत ती यादी शेवटापर्यंत, शेवटच्याच बाईला शोधत वाचणारी मी पहिलीच. आणि मला शोधायची गरज पडली ती माझ्या कंबरेमुळे.

चूक सापडायला संध्याकाळ झाली. सासूबाई जाग्या होऊन आतून हाका मारत होत्या, मी "आले आले" म्हणत होते आणि जात नव्हते. चूक अशी होती, आणि नातीला मी ती किल्ल्यांच्या बोर्डावरून सांगितली.

सोसायटीच्या वॉचमनकडे असतो तसा खुंट्यांचा बोर्ड समज. प्रत्येक खुंटीला एकेका घराची किल्ली. पहिल्या फेरीत मी प्रत्येक खुंटीवर हात ठेवत गेले. अँपरसँड म्हणजे किल्ली उचलून बघणं नव्हे, खुंटीवरच हात ठेवणं. फेरी संपली, आणि माझा हात शेवटच्या खुंटीवर तसाच राहिला. मी काढलाच नाही. मग दुसरी फेरी. आता मला वाटतंय, मी एकेक किल्ली हातात घेऊन बघतेय. पण दोन्ही फेऱ्यांत हात तोच, 'बाई' नावाचा, आणि तो म्हणजेच शेवटची खुंटी झालेली. पहिली किल्ली हातात घेतली, ती शेवटच्या खुंटीवर लागली. दुसरी घेतली, तीही तिथेच लागली. असं करत शेवटून दुसरी घेतली, ती शेवटच्या खुंटीवर बसली. मग शेवटची बघायला गेले, तर तिथे शेवटून दुसरीच. शेवटच्या घराची किल्ली कधीच गळून पडलेली.

बाकी सगळ्यांच्या किल्ल्या जागच्या जागी. फक्त शेवटच्या बाईची गेली. आणि शून्य अनुभवामुळे शेवटची कायम तीच.

दुरुस्ती एका ओळीची. पहिल्या फेरीनंतर हात काढून घ्यायचा; पीएचपीत त्याला unset म्हणतात. किंवा मुळात तो अँपरसँडच टाकायचा नाही, कारण ऑब्जेक्टच्या आतलं काही बदलायला आता खुंटीवर हात ठेवावाच लागत नाही, नुसती किल्ली पुरते. मी दोन्ही केलं. यादी पुन्हा उघडली. तळाला जुळ्यांतली एक उरली होती, आणि तिच्या खाली ती, फोटोसाठी पदर नीट केलेली.

मग मी सासूबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मेले असते तर कळलं असतं का तुला?"  त्या दिवशी तो प्रश्न मला सगळ्याच बाजूंनी लागू होता.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून मी ब्यूरोत गेले. मॅडमना म्हटलं, दोनदा तुम्ही भरलं नव्हतं, चूक माझी होती. मॅडमनी फोन खाली ठेवला. पहिल्यांदाच मी त्यांचे दोन्ही हात मोकळे बघत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तिला रोज सांगत होते, फोन येईल." मग त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली आणि पत्ता लिहून दिला. वही बंद झाली नव्हतीच कधी. त्या गुपचूप लिहीत होत्या. माझ्या तोंडावर बंद म्हणायच्या, बस.

भावाची खोली नवघरच्या गल्लीत होती. ती दारात बसून मुलीची वेणी घालत होती. आत दोन बोचकी बांधून ठेवलेली. दीर चार दिवसांनी येणार होता. मी तिथेच पायरीवर टेकले, कारण कंबर उभं राहू देत नव्हती, आणि तिला जमेल तसं सांगितलं. झेरॉक्स, किल्ल्या काही नाही. एवढंच की तुमचं नाव यादीत होतं, पण माझ्या चुकीमुळे लोकांना दिसत नव्हतं. तुम्हाला कोणी नको म्हटलं नाही. कोणी तुम्हाला बघितलंच नाही.

तिनं वेणीचा पेड अर्धवट धरून ठेवला. म्हणाली, "मंजे कुणी नाय म्हनलं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, फोटू बघून नको म्हनतात. काळी दिसते म्हनून."

मुलगी डोकं न हलवता म्हणाली, "आये, ओढ ना." तिनं वेणी पुरी केली. रिबन बांधली. मग मला विचारलं, "ताई, तुमी हितं आलात, तर घरी आजींजवळ कोन हाय?" मी म्हटलं, शेजारीण. "आन् रोज?" मी म्हटलं, मी. तिनं माझ्या बसण्याकडे बघितलं. "दुपारी येते मी उद्यापासनं," म्हणाली. "दीर येईस्तोवर तरी."

ती आली. बोचकी तशीच होती, पण ती आली. त्या दुपारी मी दीड तास झोपले, आणि उठले तेव्हा मला कळेना की सकाळ आहे की संध्याकाळ. आत सासूबाई बोलत नव्हत्या. मी घाबरून बघायला गेले, तर त्या कुशीवर शांत झोपलेल्या, पाठीला टेकू म्हणून चादरीची अशी गुंडाळी घातलेली, जी मला पंधरा दिवसांत सुचली नव्हती. मी विचारलं, हे कुठे शिकलात? तर म्हणाली, सासू अकरा वर्षं अंथरुणाला होती. हिनंच केलं सगळं. एक जखम होऊ दिली नाही पाठीला.

मी म्हटलं, मग फॉर्मात अनुभव शून्य का लिहिला?

"त्यात लिवलेलं, कुठं कामाला होता. मी कुठं कामाला नव्हते. घरीच होते."

फॉर्म मीच बनवला होता. रकान्याचं ते नावही माझंच. शून्याचं अकरा केलं असतं, तर ती यादीच्या तळातून उठून थेट सगळ्यांच्या वर गेली असती, कारण अकरा वर्षं त्या ब्यूरोत दुसऱ्या कोणाचीच नव्हती. त्याला एक मिनिट लागलं असतं.

मी दोन दिवस ते मिनिट काढलं नाही.

इथे मला त्या अठ्ठेचाळिशीच्या बाईची थट्टा करता येत नाही. ती शहाणी होती, आढ्यताखोर होती, पण त्या दोन दिवसांत ती नुसती दमलेली होती. पहिल्या दिवशी तिनं स्वतःला सांगितलं, आज पाणी आलं नाही, उद्या करू. दुसऱ्या दिवशी तेही सांगितलं नाही. दुपारी चार तास मांडीला मांडी लावून कोणी बसत होतं, सासूबाई निमूट जेवत होत्या, कंबर जमिनीला टेकत होती. माझ्या चार तासांत त्या बाकावरच्या बाईची खोली होणार नव्हती, हे मला माहीत होतं. तिला दिवसभराचं काम हवं होतं, आणि दीर परवा येणार होता. ती मात्र रोज जाताना विचारायची, "यादीत हाय ना मी आता?" मी म्हणायचे, आहात. खोटं नव्हतं ते. तळाला होती.

तिसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन आली, घरी भावाला पाहुणे होते म्हणून. मुलगी माझ्या कॉम्प्युटरजवळ उभी राहिली आणि म्हणाली, आईचं नाव दाखवा ना. मी यादी उघडली आणि खाली, खाली, अगदी खाली नेली. मुलीनं फोटो बघितला. मग वरच्या सगळ्या फोटोंकडे बघितलं. "एवढ्या खाली कोन बघतं?" म्हणाली.

मी तिच्यासमोरच शून्य खोडलं आणि अकरा लिहिलं. मुलीनं वाचलं, आणि वर चढलेला आईचा फोटो बघून आत धावत गेली.

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. इंद्रलोक वसाहतीतल्या एका घरी आजोबा अंथरुणाला होते, दिवसभराची मावशी हवी होती, आणि त्यांना वरची पहिलीच पसंत पडली होती. लगेच पाठवायला सांगितलं होतं. दीर आला तेव्हा ती घरी नव्हती, कामावर होती. भावानं त्याला चहा पाजून परत पाठवलं म्हणे. बोचकी सुटली. मुलगी इथेच शाळेत गेली. इंद्रलोकनंतर तिला दुसरं घर लागलं, मग तिसरं, आणि पुढची काही वर्षं ती यादीत फार कधी दिसली नाही, कारण मोकळी अशी राहिलीच नाही. माझ्या प्रोग्रामनं तेवढं नीट दाखवलं.

नातीनं विचारलं, मग नियम काय, आजी? कधी टाकायचा अँपरसँड? मी म्हटलं, खुंटी स्वतः बदलायची असेल तेव्हाच. किल्ली हवी असेल तर साधं बरोबरचं चिन्ह पुरतं. खरंच झेरॉक्स हवी असेल तर तसं स्पष्ट सांगून clone काढ. आणि कधी टाकलासच, तर काम झालं की हात काढून घे. तिनं ते वहीत लिहून घेतलं, वर माझ्याकडे बघून म्हणाली, हे आम्हाला कॉलेजात दोन ओळीत शिकवलं. मी म्हटलं, तुम्हाला सासू नव्हती.

त्या सकाळी मॅडमचा फोन ठेवून मी आत गेले. सासूबाईंना सांगितलं की ती आजपासून येणार नाही, तिला मोठं काम लागलंय, मी यादी दुरुस्त केली ना. त्या छताकडे बघत होत्या.

"तुला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" म्हणाल्या.

मग त्यांनी कूस बदलायला हात वर केला. मी पदर खोचला आणि चादरीची गुंडाळी करायला घेतली. ती मला तिच्यासारखी कधीच जमली नाही.